नाटकातलं भाकरीचं पीठ

लोणीच्या जानकाबाईनं शाळेच्या वसतिगृहात अठरा वर्षं रोज दीडशे भाकऱ्या थापल्या. नवरा लवकर गेला. यशोधरा एकटी लेक.

सत्त्याण्णव साली चौदा एप्रिलच्या जयंतीसाठी गावात खुनाचं नाटक बसलं. लिहिलं होतं जानकाबाईच्या दिरानं, नानासाहेबांनी. बाईचं काम आजवर एखादा गडीच लुगडं नेसून करायचा. यंदा जानकाबाईनं हट्टानं यशोधराला पुढं केलं. नानासाहेब म्हणाले, "वहिनी, लोक हसले तर पोरगी पुन्हा स्टेजवर न्हाई."

नाटकात सासऱ्याचा खून होतो, आळ सुनेवर येतो. इन्स्पेक्टर झालेला धम्मपाल परातीतला मोठा गोळा बघून म्हणतो, "दहा भाकऱ्यांचं पीठ मळलंय. तासभर ही इथंच होती. सून निर्दोष!"

तालमीला चहा घेऊन आलेली जानकाबाई थबकलीच.

"भाऊजी, भाकरीचं पीठ समदं एकदम मळत्यात व्हय? एकीपुरतं मळायचं, थापायचं, तव्यावर टाकायचं, मंग दुसरी. मळून ठिवलं तर थापताना चिरा पडत्यात."

"वहिनी, हे नाटक हाय, सैपाक न्हाई."

"पुढं बाया बसणार हाईत. परात बघूनच हसतील."

"काकू, पोलीस कधी पीठ तपासतोय व्हय?" धम्मपालनं टोमणा मारला.

"म्हणून तर तुमाला खुनी घावत न्हाई!"

सगळे हसले. यशोधराचा चेहरा मात्र उतरला होता. नानासाहेबांनी तो पाहिला. वही उघडून म्हणाले, "मंग काय ठिवायचं, सांगा."

"परातीत कोरडं पीठ. एकच गोळा, अर्धवट मळलेला. आन तव्यावर भाकरी, करपून काळी झालेली. सासऱ्याची आरोळी ऐकून धावल्याबिगर बाई तव्यावरची भाकरी सोडत न्हाई."

नानासाहेबांनी वहीतलं पान खोडलं.

प्रयोगाला बाया पुढं दाटून बसल्या होत्या. धम्मपालनं तव्यावरून काळी भाकरी उचलली. तो बोलायच्या आत म्हातारी धोंडाबाई उठून ओरडली, "आरं, पोर चुलीपाशीच व्हती! सोड तिला!"

कुणी हसलं नाही. धम्मपाल आपलं वाक्यच विसरला. "व्हय आजी," म्हणाला आणि यशोधराच्या हातातली बेडी काढू लागला. यशोधराला खरंच रडू फुटलं. चार बायांनी पदर डोळ्यांना लावले.

पडद्याआड जानकाबाई मागं उभी होती. नानासाहेब बाजूला सरकले.

"वहिनी, अशा पुढं या. हितनं पोरगी नीट दिसतीय."