चाचांची पेरूतपासणी

अख्ख्या कळंबात म्हाताऱ्यांच्या तोंडात आमच्या शेजारच्या चाचांइतकं कोणी डोकावलं नसेल. त्या म्हाताऱ्यांच्या बायकांनीसुद्धा नाही. जन्मभर ट्रॅक्टर दुरुस्त करून चाचा घरी बसले, म्हणजे बसले नाहीतच. चहा उभ्यानं, जेवण अर्धवट, आणि खिशात टॉर्च, हातात पेरूची पिशवी घेऊन बाहेर. दिसेल त्या म्हाताऱ्याला पेरू द्यायचा, "चाव" म्हणायचं, आणि पांढऱ्या गरावर रक्ताचा डाग दिसला की ओरडायचं, "ऑइल लीक होऊन राह्यलं बे! हिरडी गेली तं दात कायच्यावर उभा राहीन?" लोकांच्या तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याच्या पुड्या ते सरळ नालीत टाकत, तंबाखूच्या मंजनाचे डबे उचलून नेत.

माझ्या बाबांना त्यांनी मऊ ब्रश आणून दिला. बाबा चिडले, "रक्त येते म्हणूनच घासत नाही ना मी!"

"म्हणूनच घास. हलक्या हातानं, दोन टाइम. मळ राह्यला तं रक्त थांबन काहून?"

महिन्याभरात थांबलं. आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. ब्रशनं घासा, हे मी आधीच सांगितलं होतं, पण माझं कोण ऐकतं!

मात्र खुद्द चाचांना पेरू चावताना कोणी पाहिलं नव्हतं. ते चाकूनं पातळ फोडी करून गालात धरत, आणि हसताना तोंडावर हात. एकदा मी पेरू त्यांच्यापुढे धरला. "चावा."

चाचा टॉर्च उगाच चालू-बंद करू लागले. "ओ ग्रॅज्युएट, मले शुगर हाय."

"मग फोडी कशा चालतात?"

चाचांनी टॉर्च खिशात टाकला. "समोरचे दोन हलून राह्यले, बेटी. डॉक्टरनं उपटले तं? केस गेले, मिशी गेली. तुझ्या चाचीच्या ओळखीचं या तोंडावर तेवढंच उरलं."

चाचीला जाऊन तीन वर्षं झाली होती. दुसऱ्याच दिवशी मी त्यांना यवतमाळला नेलं. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी हिरड्या साफ केल्या. "शुगर आटोक्यात ठेवलीत आणि दर तीन महिन्यांनी आलात, तर एक दात वाचेल," म्हणाल्या. दुसऱ्याला उशीर झाला होता. तो काढला.

तासाभरानं, बसस्टँडवर, तोंडातला कापूस काढून चाचा माझ्याकडे वळले. "खरं सांगजो. कसं दिसते?"

"खिडकी दिसते."

"चाची ओळखन ना?"

मी म्हटलं, "उरलेला सांभाळला, तर नक्की."

चाचा हसले, तोंडावर हात न धरता.