पऱ्हाटीचा ढीग

यंदा कपाशीची पऱ्हाटी, म्हणजे वेचणीनंतर उरलेली वाळकी झाडं, जाळायची नाही, कुट्टी करून मातीतच घालायची, असं मी भडगावजवळच्या आमच्या गावात मोठ्या तोंडानं सांगून बसलो होतो. कुट्टीच्या मशीनवाला नुसता ‘उद्या येतो’ म्हणत राहिला. ढिगात बोंडअळी तग धरते, ती आपल्या शेतात शिरेल म्हणून शेजारचे आबा तापले, “ती मना वावरमा यी ना, भाऊ! पेटाडी दे बठ्ठं!” त्यांचं तरी काय चुकलं? पूर्वी हीच पऱ्हाटी बाया चुलीसाठी भांडून न्यायच्या. आता घरोघरी गॅस. फुकट घ्या म्हटलं तरी कुणी येईना. शेवटी मीच काडी ओढली.

चुलीचा धूर सोसेना म्हणून आईला गॅस घेऊन दिला होता. त्या संध्याकाळी तिनं खोकत खोकत वावराकडची खिडकी लावून घेतली.