मी उचललेले बाजारातले दगड

विषय आपला आपण शोधायचा, साइट आपणच ठरवायची आणि चुकलं तर आपणच निस्तरायचं, असा आमच्या लँडस्केपच्या शेवटच्या वर्षाच्या थिसिसचा नियम. पुण्यातल्या वर्गात कुणी नदीकाठ घेतला, कुणी टेकडी. मी कंधार तालुक्यातल्या माझ्या आजोळचं बाजार मैदान घेतलं. गाइड सर म्हणाले, "त्यात डिझाइन करण्यासारखं आहे काय?" झालं! असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. दुसऱ्याच दिवशी नांदेडची गाडी पकडली.

आठवडी बाजार भरला की तिथं पाय ठेवायला जागा नसते, टेप कुठं लावणार? म्हणून मी बाजार नसलेले दिवस गाठले. मैदान मोकळं होतं. एक मोठा कडुलिंब, एक हातपंप, विजेचे दोन खांब आणि जागोजागी पडलेले दगड, कुठला विटेएवढा, कुठला डोक्याएवढा. मोजमाप घेताना ते सारखे पायात यायचे, फोटोतही घाण दिसायचे. नकाशावर "राडारोडा" असं लिहून मी मोकळी झाले. मामा शेतावर गेला होता त्या दुपारी सगळे दगड उचलून कुंपणाशी ढीग घातला आणि स्वच्छ मैदानाचे फोटो काढले. स्वतःवर लई खूश होते मी.

बाजाराच्या दिवशी सकाळीच मामी ओरडत आली, "अगं माय, मैदानात भांडणं लागलीत! काल तू काय करून राहिली होतीस तिथं?"

प्रत्येक दगड म्हणजे एकेकाची बसायची जागा होती. कुणाचा सासूनं ठेवलेला, कुणाचा बापानं. ज्याचा दगड त्याची जागा, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. सुट्टीपुरत्या येणाऱ्या मला, पाच वर्षं आर्किटेक्चर आणि वर लँडस्केप शिकलेल्या शहाणीला, तेवढं ठाऊक नव्हतं. बाकीच्यांचं शेजाऱ्यापाजाऱ्यांनी एकमेकांची साक्ष देत कसंबसं मिटवलं. एकीचं मिटलं नाही.

ती पालेभाजीवाली मावशी. मी लहान असताना मला काकडी द्यायची, पैसे घ्यायची नाही. तिची जागा लिंबाखाली. ती लांबच्या वाडीवरून टेंपोनं यायची, म्हणून तिला उशीर व्हायचा. त्या दिवशी ती पोचेपर्यंत कांदेवाल्यानं लिंबाखाली ताडपत्री अंथरली होती. आता कांद्याला सावलीचं काय कौतुक? पण मेथी बारा वाजता उन्हात मान टाकते, आणि मग मिळेल त्या भावात देऊन टाकावी लागते.

"माझा दगड कुठाय?" मावशीनं विचारलं.

"मावशी, मी उचलला."

"कामून?"

का उचलला ते काय सांगणार, कपाळ! मी कांदेवाल्याकडे गेले. ही मावशींची जागा आहे म्हणाले. तो वर न बघता म्हणाला, "तुला काय म्हाईत? समदे दगड तूच उचललेस न्हाई का?" तो भांडकुदळ म्हणून गावभर प्रसिद्ध, त्यामुळे आजूबाजूचे आपापली भाजी मांडत राहिले. दगड दिसणारे आधीचे फोटो मी घाण म्हणून पुसून टाकले होते, उरलेल्यांत एकही दगड नव्हता. मला माझाच इतका संताप आला की भर बाजारात रडू फुटलं. मावशी मेथी उचलून गटारीच्या कडेला जाऊन बसली.

त्यानंतर मी थिसिस नव्यानं केला. चार बाजार नुसती बसून राहिले, प्रत्येकाला विचारून त्याची जागा मोजली. कुणालाही हलवायचं नाही, सावली त्यांच्यापर्यंत न्यायची, एवढंच ठरवलं. कुठं नवं झाड, कुठं पाणी वाहून जाईल असा उतार. मोठ्या शीटवर प्रत्येक जागा काढली, आणि लिंबाखाली मावशीला बसवलं. परीक्षकांना शीट फार आवडलं. सरसुद्धा म्हणाले, "आता यात डिझाइन आहे." मी हवेतच होते.

ते शीट घेऊन मी गावाला गेले. मावशी अजून गटारीच्या कडेलाच होती, मेथीवर ओलं पोतं टाकून. मी तिच्यासमोर कागद उलगडला, हातपंप दाखवला, लिंब दाखवला. तिनं लिंबाखाली बोट ठेवलं.

"ही मी?"

"हाव, तुम्हीच."

"झ्याक काढलंस गं माय." तिनं हात पुसले. "मास्तरला दावला ह्यो कागद?"

"दाखवला ना."

"तिकडं पुण्यात समद्यास्नी?"

"सगळ्यांना. लई आवडला त्यांना."

तिनं लिंबाकडं हनुवटी केली. तिथं कांदेवाला गिऱ्हाईक करत होता.

"अन् त्याला?"

त्याला दाखवला नव्हता.