सरळ चाकाचा आऊट

चाकाचा आऊट, म्हणजे फिरतानाचा वाकडेपणा, काढायला घरी स्टँड कोणता घ्यावा, यावर मी जेवढं डोकं खाजवलं तेवढं लग्न ठरवतानाही खाजवलं नव्हतं. धुळ्यात मी रोज सायकल चालवते, आणि चाक जरा वाकडं फिरलं की सायकल दुकानात टाकून यायचं माझ्या जिवावर येतं. त्यात चोपड्याहून आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, फोन. पुढचं चाक ब्रेकला घासतंय, तारा आवळून बोटं दुखली, तरी आऊट जात नाही. म्हटलं, एकाच स्टँडात दोघांचं भागेल.

स्टँड दोन तऱ्हेचे मिळत होते. एक छोटा, सायकलच्याच चिमट्याला, चाक धरणाऱ्या त्या दोन पायांना, अडकवायचा. दुसरा जडशीळ, चाक काढून त्याच्या दोन खांबांत बसवायचं. आमच्या घरची रीत म्हणजे सायकल उलटी करायची, चिमट्याला खडू टेकवून चाक फिरवायचं आणि खडू लागेल तिथल्या तारा आवळायच्या. छोटा स्टँड तेच करणार होता, फक्त ऐटीत. खडूचंच काम करायचं तर नवी वस्तू कशाला, म्हणून मी जड घेतला आणि एसटीत मांडीवर घेऊन चोपड्याला गेले.

आईने आधी हळदकुंकू आणलं. फवारणीचा पंप असो की कोयता, आमच्याकडे नवं अवजार कुंकू लागल्याशिवाय कामाला लागत नाही. स्टँडला लावून बोटाला उरलेलं तिने चाकाच्या रिमला टेकवलं. मी ते आबांचं चाक स्टँडात बसवून फिरवलं. तो लाल ठिपका दोन्ही खांबांच्या बरोबर मधून जात राहिला आणि बाकीची रिमही कुठे डोलली नाही. चाक उलटं करून बसवलं, तरी तेच. इतकं सरळ चाक माझ्या सायकलचंही नाही. सायकलला लावलं, आणि ते पुन्हा डावीकडे घासलं.

तेव्हा मी पहिल्यांदा चिमट्याकडे नीट पाहिलं. डावा पाय आत वाकला होता आणि त्याच्यावरचा रंग तडकला होता. चिमटा आपोआप वाकत नाही.

"आबा, तुम्ही कुठे पडलात?"

"मी? मी कसाले पडसू?" आबा म्हणाले.

आबा खोटं बोलताना टोपी सारखी करतात. आता त्यांचे हात मांडीवर होते आणि ते माझ्याकडे सरळ बघत होते. मला राग यायला हवा होता, पण भीती वाटली.

आईने मला मागच्या अंगणात बोलावलं. तिथे धुण्याच्या दगडाशी उभी राहून ती हळूच म्हणाली, "त्या पडनात. पन त्यास्ले याद नही."

आबा पडले होते, पण त्यांनाच ते आठवत नव्हतं. मग तिने सगळं सांगितलं. एका दुपारी आबा सायकल हातात धरून आले ते खांद्यापर्यंत चिखलाने भरलेले. कुठे पडले, कुणी उडवलं, काही सांगता येईना. संध्याकाळपर्यंत तर आपण पडलो होतो हेही डोक्यातून गेलं. वावराच्या वाटेवर मोठा रस्ता ओलांडावा लागतो, आणि तिथून केळीचे ट्रक कसे जातात हे आम्हाला ठाऊक आहे. तिने कपडे धुऊन टाकले. आम्हा भावंडांना कळलं असतं तर आम्ही त्यांना शहरात नेलं असतं, आणि वावराशिवाय ते जगले नसते, असं तिचं म्हणणं. मग चाक घासायला लागलं. ते दुरुस्त करून घ्यायची तिने कसलीच घाई केली नाही. तारा आवळत बसले की ते घरी राहतात, आणि वावरात जायचं झालं तर शेजारच्या मोटारसायकलवर मागे बसून जातात.

मला खरोखर धक्का बसला. आबांच्या विसरण्याचा बसलाच, पण त्याहून आईचा जास्त बसला. ही बाई इतके दिवस एका घासणाऱ्या चाकाच्या भरवशावर नवऱ्याला सांभाळत होती, आणि मी ते घासणं घालवायला धुळ्याहून हत्यार घेऊन आले होते.

पुढे आले तर आबांनी स्वतःच चाक काढून पुन्हा स्टँडवर चढवलं होतं. ते फिरवून ते लहान मुलासारखे खूश होऊन बघत होते.

"सीधं व्हयनं ना? बसाड आते. माले वावरमा जानं शे."

कुंकवाचा ठिपका अजून मधोमध फिरत होता. आई दारात उभी होती.

"नाही आबा," मी म्हणाले, "अजून थोडा आऊट आहे."

आणि तारांची चावी लावून मी एक चांगली तार सैल केली.