कोरड्या पाइपावर उतरलेला घाट

भुताखेतांच्या नावानं माणसं फसवली जातात, असं मी चौकात उभा राहून ओरडलो आहे. तशी पत्रकं लिहून वाटलीही आहेत. म्हणून हे लिहिताना हात अडखळतो... पण घडलेलं लपवणं हाही खोटेपणाच.

गेल्या दुष्काळात आमच्या नगरच्या युवक मंडळाला लोकवर्गणीतून जीप मिळाली – जेमतेम दहा महिने वापरलेली. राजूरच्या वरच्या वाड्यांवर दुधाची भुकटी पोचवायची होती. चालवणार मी. निघण्याआधी केडगावच्या गणपतमिस्त्रींना गाडी दाखवली. ते खालून बाहेर आले ते मान हलवतच.

"पुढारी, पुढच्या ब्रेकचे रबरी पाइप बदला. जाड, लांब टाकू. चाक वळलं की हा घासतोय. तेलबी काढून चांगलं भरू."

"अहो मिस्त्री, गाडी नवी आहे!"

"गाडी नवी हाय, घाट नवा हाय का? ही सडकेसाठी केलीय, तुमी दगडांत घालणार."

मला वाटलं, गिऱ्हाइकाला भीती घालायचा हा धंदा. वर्गणीच्या गाडीतल्या धडधाकट वस्तू बदलणं हा गुन्हा आहे, असं भाषणच ठोकलं.

"बरं," मिस्त्री हसले, "पत्रकात आमचं नाव घालू नका म्हंजे झालं."

तिसऱ्या खेपेला, भर दुपारी, वाडीत गाडी लावली आणि भिमाबाई नावाची म्हातारी धावत आली. तिची सून ठकूबाई आदल्या रात्रीपासून अडली होती. शेतापलीकडच्या झोपडीतून तिला घोंगडीच्या झोळीत घालून आणेपर्यंत तासभर गेला. नवरा धोंडू आजारी बापाची सोय लावून मागून पायी येणार होता. घाईत मी जीपखाली वाकूनही पाहिलं नाही.

"दादा, हळू घ्या," भिमाबाई म्हणाली, "पर थांबू नगा."

उतार लागला. तिसऱ्या वळणावर गुरं आडवी आली, डाव्या हाताला दरी. मी ब्रेक दाबला. पेडल इतकं घट्ट कधीच लागलं नव्हतं... खालून कुणी तळवा टेकून धरावा तसं. जीप जागच्या जागी थांबली! नुसत्या गियरवर ती अशी थांबत नाही, आणि हँडब्रेकला मी हात लावला नव्हता. पुढच्या प्रत्येक वळणावर तेच.

राजूरच्या दवाखान्यात ठकूबाईला आत नेलं. गाडी बाजूला घ्यावी म्हणून ब्रेकवर पाय ठेवला, तर पेडल थेट तळाला टेकलं. ब्रेकच्या तेलाच्या टाकीचं झाकण काढलं – आत ठणठणीत कोरडं. एक पाइप आरपार फाटलेला, त्याच्या तोंडाशी धूळ. गाडीखाली तेलाचा थेंब नाही.

तेवढ्यात धोंडू आला, मधल्या पायवाटेनं पळत, धापा टाकत.

"तुमी निघालात अन् पाहातो तर जीप हुती तिथं तेलाचं थारोळं! लई हाका मारल्या. वाटलं, गेली माझी मान्सं..." तो वाकून गाडीखाली पाहू लागला.

तासाभरानं नर्स दारात आली. "मुलगी झाली. दोघी ठीक आहेत." भिमाबाईनं माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. आणि मी? मी ब्रेकच्या पाइपांवर भाषण देणारा माणूस!

दुसऱ्या दिवशी माझा निरोप मिळून मिस्त्री एस.टी.नं आले, त्यांनी सुचवलेलेच जाड पाइप आणि तेल घेऊन. मला वाटलं, आता ऐकवतील. पण त्यांनी फाटका पाइप उजेडात धरून उलटसुलट पाहिला.

"ही उभ्या जागीच रिकामी झालेली. नुसत्या हवेवर पेडल घट्ट लागत न्हाई, पुढारी. तुमी काय दाबत हुता?"

जाणकारांना विचारलं, पुस्तकं चाळली, काही हाती लागलं नाही. याला चमत्कार म्हणायला माझी जीभ अजून धजत नाही. कोणी उलगडा केला तर आनंदच होईल.

परवा मिस्त्री म्हणाले, "उत्तर शोधत बसू नका आता. पाइप बघत जा."

मी दोन्ही करतो.