तिसऱ्या पाण्याचा वास

कामिनी हटवारनं मनीषनगरात अत्तराचं दुकान टाकलं, तेव्हा कन्हानच्या तिच्या माहेरच्या मंडळींना वाटलं, विकेल बिचारी गुलाब नि मोगरा. पण कामिनीची तऱ्हाच न्यारी. फुलाचा वास फूल फुकट देतं, त्याला मी कशाला हवी, असं ती गिऱ्हाइकाला ऐटीत विचारायची. तिच्या बाटल्यांत कुहीच्या खळ्यावरचं धान होतं, शाळेचं नवंकोरं दप्तर होतं, दिवाळीआधी चुना मारलेली भिंत होती. वर्षाला बाटली एकच काढायची, मग जग इकडचं तिकडे होवो. आणि लोक यायचे! एक रिटायर मास्तर तर दप्तर हुंगून भर दुकानात रडले आणि दोन बाटल्या घेऊन गेले.

हुंगायला तयार नव्हता तो एकच माणूस, तिचे बाबा. चंपतरावांनी चाळीस वर्षं कन्हान-कामठीत कूलर दुरुस्त केले, त्यांच्या बाजूच्या जाळीदार ताट्यांमध्ये वाळा भरला. "भिंतीचा वास बाटलीत भरते अन् लोकायले चुना लावते," असं चारचौघांत सांगून स्वतःच खो खो हसायचे. कामिनीही हसायची, पण लागायचं तिला.

यंदा तिनं कूलरच करायला घेतला. वाळ्याचं तेल, ओलं लाकूड, किंचित गंजलेला पत्रा. चार महिने खपली. मैत्रिणींनी वाहवा केली, लेबलं छापून आली. पण बाबांना हा वास ओळखता आला नाही, तर एकही बाटली विकायची नाही, हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं. त्यांच्या हातचं काम त्यांनाच कळलं नाही, तर तिची सगळी कलाकारी काय चाटायची?

फार गळ घातली तेव्हा चंपतराव आले. अत्तर लावलेली कागदाची पट्टी नाकाशी नेली न नेली, तोच झटकन दूर केली.

"हे तं पह्यलं पाणी आहे वं!"

"म्हणजे काय जी, बाबा?"

"नवा वाळा भरला का पह्यलं पाणी सोडून द्या लागते. उग्र राहते, डोकं धरते. दुसरंबी फेकाचं. तिसऱ्या पाण्यापासून खरा कूलर. माह्या घरात राहून तुले हे ठाऊक नाही काहून?"

ठाऊक कसं नव्हतं! अंगणातून वाहणाऱ्या त्या पिवळट पाण्यात पाय बुडवूनच ती मोठी झाली होती. चार बुकं शिकली आणि नेमकं तेच विसरली. तिला स्वतःचा असा राग आला, की हसूच फुटलं.

दुसऱ्या दिवशी चंपतराव वाळ्याची जुडी घेऊन हजर. मग रोजच यायला लागले. वाळा त्यांनी स्वतः भिजवला, दोनदा पाणी ओतून दिलं. त्या निथळलेल्या वाळ्यातून कामिनी तेल काढायची आणि ते मागे हात बांधून "अजून नाही, अजून नाही" करत फिरायचे. इतक्या वर्षांत बापलेकीनं एवढं भांडण केलं नव्हतं, आणि इतका चहाही प्यायला नव्हता. कामिनीचे ते पंधरा दिवस फार सुखाचे गेले.

सोळाव्या दिवशी, टळटळीत दुपारी, तिनं नवी पट्टी त्यांच्या हातात दिली. त्यांनी हुंगली. पुन्हा हुंगली. खुर्चीत मागे रेलले आणि डोळे मिटले.

"बाबा, सांगा न."

कामिनी वाकून त्यांच्या चेहऱ्याकडे पाहू लागली. आणि मग चंपतराव घोरायला लागले.

दारात गिऱ्हाईक आलं, त्याला तिनं ओठांवर बोट ठेवून थांबवलं. अर्ध्या तासानं म्हाताऱ्यानं डोळे न उघडताच कूस बदलायला पाहिलं. दुकानात कूलर नव्हताच, भिंतीवर एसी चालू होता.

"कामिनी," ते झोपेतच पुटपुटले, "टाकीत पाणी टाक वं. पंप कोरडा चालून राहिला असंन."

"टाकलं जी बाबा, झोपा तुम्ही," कामिनी म्हणाली, आणि तिला हसू आणि रडू एकदमच आलं.