आणलेली माती

मातीची प्रत ठरवण्याच्या कामावर मी अकरा वर्षं हिंडलो. लोकांना वाटतं हे शांत काम असावं. खड्डा खणायचा, माती हातात घ्यायची, वहीत चार शब्द लिहायचे. तसं नसतं. ज्या जमिनीत तुम्ही पहार घालता तिच्या बांधावर कुणीतरी उभा असतो, आणि ती पहार त्याला आपल्या पोटात गेल्यासारखी वाटते. माझ्यावर धोंडे आलेत, कुत्री सोडली गेलीत. विंझरजवळ एका म्हातारीनं माझी मोजणीची साखळी उचलून विहिरीत टाकली होती. मीही काही साधू नव्हतो. माझा हात आधी चालायचा आणि डोकं मागून. भोरात आमच्या घरी सगळे कारकुनी पेशाचे, मऊ आवाजाचे. त्यांच्यात हा असला राग माझ्यातच कुठून आला, हे आईला शेवटपर्यंत कळलं नाही.

काम सांगतो म्हणजे पुढचं समजेल. प्रत्येक शेताचे भाग पाडायचे, भागाच्या मधोमध पहार मारून माती किती खोल आहे ते बघायचं. मग मूठभर माती भिजवून बोटांनी वळायची. रंग, चिकटपणा, खडे, उतार, पाणी साचतं की वाहून जातं, हे सगळं टिपायचं. आमच्या आजोबांच्या काळातल्या जुन्या मोजणीची वही बरोबर असायची, ती ताडून बघायची. आणि पावसाचे आकडे. तालुक्याच्या कचेरीत रोज सकाळी पाऊस मोजून लिहीत, त्याची नक्कल माझ्या पेटीत असे. वरव्याला अख्ख्या पावसाळ्यात जेवढा पडतो, तेवढा पासलीच्या डोंगरात कधीकधी दोन-तीन नक्षत्रांतच पडतो. तीच तांबडी माती वरव्याला एक पीक देते आणि पासलीला दुसरं, म्हणून पाऊस बघितल्याशिवाय प्रत लावायची नाही असा नियम होता. खोल माती म्हणजे वरची प्रत, वरची प्रत म्हणजे जास्त सारा. त्यामुळे माझी पहार कुणाच्या शेतात खोल गेली की त्याचं तोंड उतरायचं.

चाळीस साल उजाडायच्या थोडं आधीचा उन्हाळा. पासलीच्या पुढं एक वाडी आहे, तिथं मी आणि माझा शिपाई उतरलो होतो. ओहोळाच्या काठी भाताचं एक खाचर होतं. चारी बाजूंनी दगडाचा ताल, म्हणजे गाळ अडवणारा बांध, इतका नीट रचलेला, की मी बघतच राहिलो. शिपायानं पहार मारली. ती दीड हात आत गेली आणि कुठं खडा लागला नाही.

जुन्या वहीत त्या जागेपुढं लिहिलं होतं, खडकाळ, पिकाऊ नाही.

मी दुसऱ्या ठिकाणी पहार मारायला सांगितलं, तेवढ्यात खाचराचा मालक धावत आला आणि त्यानं शिपायाचा गळाच धरला. तिशी-पस्तिशीचा काटक माणूस होता. शिपायाचे डोळे पांढरे झाले. मी जाऊन त्या माणसाच्या कानाखाली अशी दिली की तो तालावर आपटला. ओठ फुटला. उठून माझ्यावर येईल म्हणून मी तयारच होतो, पण तो बसल्या बसल्या म्हणाला, "मारा, सायेब. पन ही माती जिमिनीची न्हाई. म्या आनलीया. सोळा वरसं आनतुया."

"आणली म्हणजे?"

"डोक्यावरनं. म्या आन् हिनं."

मागं त्याची बायको उभी होती. तिनं पदर मागं सारला आणि डोकं माझ्यापुढं वाकवलं. टाळूवर केस नव्हते. पाटीच्या ओझ्यानं तेवढा गोल भाग घासून गुळगुळीत झाला होता. मला कशी कोण जाणे शरम वाटली, आणि शरम वाटली की मला जास्तच राग येतो.

हकिगत अशी. दोघे भाऊ. बाप गेल्यावर वाटणी झाली, तेव्हा थोरल्यानं वरचा उताराचा माळ घेतला, नाचणी-वरईचा, तांबड्या मातीचा. धाकट्याच्या वाट्याला ओहोळाकाठचा हा खडक आला. वाडी त्याला हसली होती. त्यानं ताल रचला आणि दरवर्षी पाऊस सरला की ओहोळात बसलेला गाळ दोघं नवराबायको पाट्यांनी आणून खडकावर पसरायचे. सोळा वर्षांत खडकावर खाचर उभं राहिलं. आता दोन पोरांचं पोट त्या भातावर होतं. दुसरी जमीन त्यांना नव्हती.

मी खड्डा खणायला लावला. कुणी कितीही ओरडो, माती खोटं बोलत नाही, आणि ती वाचायला मला येत होतं. एकावर एक थर होते; खाली बारीक वाळू, वर मऊ गाळ, पुन्हा वाळू, पुन्हा गाळ. रंग काळपट. कण गोल, पाण्यानं घासलेले, मध्ये कुजलेला पाला. शेवटी सपाट धोंडे आणि मग खडक. मग ही माती आणली कुठून हे ताडायला मी वरच्या माळावर जाऊन तिथली माती घेतली. तांबडी, कचकचीत, मुरमाचे धारदार खडे असलेली. दोन्ही मुठी शेजारी धरल्या आणि सगळं कळलं. खाचरातली माती माळावरून खणून आणलेली नव्हती. ती ओहोळाचीच होती.

नियम धाकट्याच्या बाजूचा होता. माणसानं स्वतःच्या मेहनतीनं माती आणली असेल तर तिच्यावर वरची प्रत लावायची नाही, जुनीच ठेवायची. फक्त माती कुठून आली आणि ते कशावरून कळलं, एवढं लिहायचं. एका ओळीचं काम.

मी वही उघडली. तोवर बांधावर पंधरा-वीस माणसं जमली होती. धाकटा ओठाचं रक्त पुसत त्यांना म्हणाला, "ह्यो मातीची परत लावणार! ह्येला भात कशात उगवतं त्ये तरी ठावं हाय का? ताटातच बघितलं आसंल." सगळे हसले. माझा शिपाईही हसला.

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. मी फक्त दोन शब्द लिहिले, "आणलेली माती", आणि वही मिटली. प्रत जुनीच राहिली, त्याचं नुकसान काही झालं नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. उरलेली ओळ मी निव्वळ रागानं लिहिली नाही. नंतर लिहू, त्याला जरा तिष्ठू दे, असं मनात होतं.

दोन दिवसांनी चावडीत मी प्रती वाचून दाखवल्या. कुणाची हरकत असेल तर त्यानं तिथंच सांगायची. धाकट्याचं नाव आलं, मी वाचलं, "आणलेली माती, जुनी प्रत कायम." धाकट्याचा चेहरा उजळला.

मागून थोरला उठला. "आनली? कुठनं आनली, रावसाहेब?"

मी खाली बघत पान उलटलं.

"सरकारी वहीतच आलंया की! आनली! म्हंजी माज्या माळावरनंच. माजा माळ वरसावरसाला खरवडत चाललाय, आन् ह्येचं खाचर भरतंय. सोळा वरसं भाऊ म्हनून गप बसलो. चोर हाय त्यो. आन् त्येची बायकू पाटी घिऊन चोरी करतीया."

बायकोचं नाव निघालं आणि धाकट्यानं भिंतीला टेकवलेली माझी पहार उचलली. कुणाला हलायला वेळच मिळाला नाही. पहार थोरल्याच्या खांद्यावर बसली आणि हाड मोडल्याचा आवाज सगळ्या चावडीनं ऐकला. थोरला गुरासारखा ओरडला. मग वीस माणसं धाकट्यावर तुटून पडली. काठ्या, वहाणा, लाथा. तो खाली पडल्यावरही पाठीत काठ्या बसत होत्या. पाटलांनी ओरडून थांबवलं तेव्हा त्याला उठता येत नव्हतं. तरीही त्याला चावडीच्या खांबाला बांधलं.

दुसऱ्या दिवशी पंच बसले. भावावर हात टाकला म्हणून सगळी वाडी धाकट्यावर उलटली होती. निवाडा असा झाला की ज्याची माती त्यानं परत न्यावी. खाचर उपसून माती थोरल्याच्या माळावर टाकावी.

मी उठलो. म्हणालो, "पाटील, हे करू नका. माझ्याकडं इथल्या पावसाचे आकडे आहेत. त्या उतारावर मोकळी माती टाकलीत तर एक आषाढसुद्धा टिकणार नाही. ती कुणालाच मिळणार नाही."

"पावसाचं ऱ्हाऊ द्या, रावसाहेब," पाटील म्हणाले. "त्ये वरच्याच्या हातात. तुमी शिकल्यालं मानूस. माती कुनाची, तेवढं सांगा. माळाची हाय का न्हाई?"

सगळे माझ्याकडं बघत होते. खांबाला बांधलेला धाकटाही. डोळा सुजला होता, तरी बघत होता.

माती ओहोळाची आहे, एवढंच म्हणायचं होतं. पण तसं म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, की मग आधी का लिहिलं नाही? राग आला म्हणून, हे मी त्या माणसांसमोर सांगणार होतो काय? वरच्या साहेबाच्या कानावर गेलं असतं. नोकरी नवी होती. शिवाय ज्यानं सगळ्यांत माझं हसं केलं होतं तोच बांधलेला होता, आणि माझ्यातला काही भाग अजून खूश होता. हे लिहायला आज लाज वाटते, पण खरं तेच आहे.

"तपासावं लागेल," मी म्हणालो. तपासणी तर कधीच झाली होती.

उपसा सुरू झाला तेव्हा मी वाडीतच होतो. वैशाखाचं ऊन. थोरल्याचे सगळे सोयरे कुदळी-पाट्या घेऊन आले. धाकट्याची बायको खाचरात पालथी झोपली आणि दोन्ही हातांनी जमीन धरून राहिली. थोरल्याच्या बायकोनं तिचे पाय धरले, आणखी दोघींनी केस धरले, आणि तिला तालापर्यंत फरफटत नेलं. तिनं एकीचा हात रक्त येईस्तोवर चावला. मग तिच्या पाठीत कुदळीचा दांडा बसला. मी ओरडलो, पण माझं ऐकतो कोण? तीन दिवस पाट्या वर जात होत्या. थर न थर उकरला गेला. चौथ्या दिवशी मी पुढच्या गावी गेलो, कारण खडक उघडा पडलेला मला बघवेना.

पावसाळ्यात मी भोरात कचेरीत होतो. तालुक्यातून पावसाचे आकडे यायचे आणि मी ते मोठ्या वहीत उतरवायचो. आषाढात एका आठवड्यात ते असे काही आले की शेजारचा कारकून म्हणाला, यंदा भात उत्तम. दर आकड्याला मला तो माळ दिसायचा.

पाऊस सरल्यावर फेरतपासणीचा हुकूम निघाला आणि मी पुन्हा त्या वाडीत गेलो. माळावर आणलेली माती राहिली नव्हतीच, जाताना ती थोरल्याची स्वतःचीही घेऊन गेली होती. घळी पडल्या होत्या, मुरूम उघडा होता. थोरला गळ्यात हात अडकवून घळीच्या काठावर उभा होता. मला बघून त्यानं मान फिरवली. दोन्ही जमिनींना मी सगळ्यांत खालची प्रत लावली.

मग खाली खाचरात आलो. धाकटा घरी पडून होता. त्याची पाठ गेली होती, ओझं उचलायचं तर सोडाच, त्याला धड बसवत नव्हतं. बायको एकटीच ओहोळातून पाटी भरून वर येत होती. खडकाच्या एका कोपऱ्यात तिनं चटईएवढ्या जागेत गाळ पसरला होता.

तिनं पाटी ओतली आणि मला बघून थांबली. "सायेब, एक सांगा. तवा खड्डा खनला, तवाच तुमाला कळलं व्हतं का ही व्हाळाची माती हाय?"

खोटं बोलता आलं असतं. "हो," मी म्हणालो.

तिनं माझ्या तोंडात मारली. हात गाळानं भरलेला होता. माझा चष्मा खडकावर पडून फुटला, तोंडात माती गेली. शिपाई काठी उगारून धावला, त्याला मी दंडाला धरून मागं ओढलं. आयुष्यात पहिल्यांदा माझा हात उलटून उठला नाही.

ती धापा टाकत होती. मग म्हणाली, "आता लिव्हा."

मी चष्मा उचलून लावला आणि फुटक्या काचेतून बघत वही उघडली. गुडघे टेकून कोपऱ्यातल्या गाळात बोटं खुपसली, आणि सगळी ओळ लिहिली. ओहोळाचा गाळ, कण गोल, मालकिणीनं स्वतः डोक्यावरून वाहून आणलेला. खोली दोन बोटं.